मिल्टन सिंगर वाळूजला काय कामाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात समाजशास्त्रात पीएच.डी.ची नोंदणी झालीय, विषय वाळूज औद्योगिक परिसरातल्या सांस्कृतिक जीवनातले बदल. मार्गदर्शक म्हणतात, मिल्टन सिंगर या मानववंशशास्त्रज्ञाच्या प्रभावावर एक प्रकरण हवं. विचारणाऱ्याचं म्हणणं, सत्तर वर्षांपूर्वी मद्रासला येऊन गेलेल्या अमेरिकन माणसाचा आपल्याशी काय संबंध? 'महान परंपरा आणि लघु परंपरा', म्हणजे ग्रंथ-पंडितांची परंपरा आणि गावातल्या साध्या लोकांची परंपरा, यावर दोन पानं लिहून मोकळं व्हावं का?

ती दोन पानं लिहूच नका. ती आधीच शेकडो प्रबंधांत आहेत, आणि साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला ती तोंडपाठ झालेली आहेत. शिवाय ही जोडी मुळात अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट रेडफील्डची. सेट-नेटच्या पेपरात विचारलं तर उत्तर रेडफील्ड येतं, सिंगर नाही. सिंगरनं ती उचलली, भारतात आणली, वाढवली. पण त्याचं स्वतःचं देणं वेगळं आहे. शहरात संस्कृती बघायची तर नेमकं कुठे बसून बघायची, या प्रश्नाला त्यानं कामाचं उत्तर दिलं. आपल्याकडच्या प्रबंधांत पहिल्या गोष्टीचा जप चालतो आणि दुसरीला कोणी हात लावत नाही. दुसऱ्या प्रकरणात महान आणि लघु, आणि प्रत्यक्ष वस्तीत गेल्यावर हातात प्रश्नावली: 'आपण पारंपरिक सण साजरे करता का? होय / नाही / कधी कधी.' सगळे होय म्हणतात, तक्ता तयार होतो, टक्केवारी निघते, आणि वाळूजबद्दल कळत मात्र काहीच नाही.

आता माणूस कोण ते सांगतो, म्हणजे प्रभावाचा धागा हाती लागेल.

सिंगरचा जन्म १९१२चा, पोलंडमधला, वाढला अमेरिकेत. शिकागो विद्यापीठातून १९४० साली त्यानं डॉक्टरेट घेतली ती तत्त्वज्ञानात. मानववंशशास्त्राकडे तो वळला रेडफील्डच्या संगतीत. रेडफील्ड तोवर मेक्सिकोमुळे गाजलेला होता: १९३० साली तेपोझ्तलान या गावावरचं पुस्तक, १९४१ साली युकातानवरचं. खेड्यापासून शहराकडे जाताना संस्कृती कशी पातळ होत जाते, असा त्याचा तेव्हाचा आराखडा. १९५१ मध्ये ऑस्कर लुईसनं त्याच तेपोझ्तलानचा पुन्हा अभ्यास करून दाखवला की रेडफील्डला दिसलेलं ते गुण्यागोविंदाचं गाव भांडणांनी, संशयानं भरलेलं आहे. त्याच सुमारास फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर रेडफील्डनं जगातल्या संस्कृतींच्या तुलनेचा मोठा प्रकल्प हाती घेतला आणि सिंगर त्याचा उजवा हात झाला. १९५४ साली दोघांनी मिळून शहरांच्या सांस्कृतिक भूमिकेवर एक निबंध लिहिला. तुमच्या प्रकरणाची सुरुवात त्या निबंधापासून करा. पुढे १९५८ साली रेडफील्ड गेला आणि प्रकल्पाचा भार सिंगरवर आला.

निबंधातला मुद्दा असा. शहरं दोन वळणांची असतात. एका वळणाचं शहर आसपासच्या मुलखातली जुनी संस्कृतीच घेतं, तिला घासूनपुसून शास्त्र, ग्रंथ, विधी, कला यांच्या रूपात उभं करतं. तिथे पंडित आणि पुरोहितांचा शब्द चालतो. याला ते ऑर्थोजेनेटिक म्हणतात. दुसऱ्या वळणाच्या शहरात निरनिराळ्या ठिकाणचे, निरनिराळ्या भाषांचे लोक व्यापाराला, नोकरीला एकत्र येतात आणि जुन्याशी न जुळणारे नवे विचार तिथे जन्मतात. ते हेटेरोजेनेटिक. मुंबई दुसऱ्या प्रकारातली, हे सांगायला नकोच.

मराठवाड्याच्या माणसाला हे वाचताना पैठण आणि खडकी आठवल्याशिवाय राहत नाही. पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी, पुढे धर्मनिर्णय देणाऱ्या ब्रह्मवृंदाचं गाव. आणि जेमतेम पन्नास-बावन्न किलोमीटरवर १६१० साली मलिक अंबरनं वसवलेलं खडकी, जे औरंगजेबाच्या काळात औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर आहे. हबशी वजीर, दख्खनी आणि मराठे सरदार, मागाहून मोगलांच्या लष्कराबरोबर उत्तरेतून आलेले कारागीर, सुफींचे मठ, नहरीचं पाणी. दोन वळणांची दोन शहरं एका तासाच्या अंतरावर. वर्गात शिकवायला यापेक्षा सोयीचं उदाहरण मला सापडलेलं नाही.

पण उदाहरण सोयीचं आहे म्हणूनच सावध राहा. पैठणातच एकनाथ झाले. भागवताचा अकरावा स्कंध त्यांनी मराठीत आणला, तो ग्रंथ १५७३ साली काशीत पुरा झाला, आणि त्याच माणसानं गारुडी, जोगवा, वासुदेव, महार यांच्या तोंडी भारुडं घातली. आता सांगा, नाथ महान परंपरेतले की लघु? जे वर्गीकरण नाथषष्ठीच्या यात्रेत टिकत नाही ते वाळूजच्या कामगार वसाहतीत कसं टिकेल? सिंगरला याची जाण नव्हती असं नाही. या दोन परंपरांत सतत देवघेव चालते, हे तो वारंवार सांगतो. मॅकिम मॅरियटनं संपादित केलेल्या १९५५च्या खेड्यांवरच्या लेखसंग्रहातही हीच देवघेव आहे. तरी लुई द्युमाँ आणि डेव्हिड पोकॉक यांनी १९५७ पासून आक्षेप घेतलाच की गावच्या माणसाच्या डोक्यात अशा दोन परंपरा नसतातच, एकच असते. हा वाद दोन परिच्छेदांत आटपा. त्यात आता काही उरलेलं नाही.

रस आहे तो मद्रासमध्ये.

सिंगर १९५४-५५ मध्ये तिथे पोचला. पुढे १९६०-६१ मध्ये आणि १९६४ मध्ये पुन्हा आला. या सगळ्याचं पुस्तक, 'व्हेन अ ग्रेट ट्रॅडिशन मॉडर्नाइझेस', निघालं १९७२ साली. पहिल्या खेपेला त्याच्यापुढे साधी पण अवघड अडचण होती. खेड्यात अभ्यासक चावडीवर बसतो, घरं मोजतो, वंशावळी लिहून घेतो आणि वर्षभरात गाव त्याच्या वहीत येतं. लाखोंच्या शहरात काय मोजायचं? कुठे बसायचं? त्याला दिसलं की संस्कृतीबद्दल काही विचारलं की मद्रासमधले त्याचे स्नेही व्याख्यान देण्याऐवजी त्याला कुठेतरी घेऊन जातात: देवळातला उत्सव, मुंज, हरिकथा, भरतनाट्यमचा कार्यक्रम, घरातलं भजन. लोक स्वतःची संस्कृती स्वतःला आणि पाहुण्याला अशा कार्यक्रमांतून दाखवतात. मग निरीक्षणाचं एकक हेच धरू, असं त्यानं ठरवलं. यालाच आपण पाठ्यपुस्तकात 'सांस्कृतिक सादरीकरण' म्हणतो. त्याला ठरलेली वेळ असते, सुरुवात असते, शेवट असतो, क्रम ठरलेला असतो, करणारे असतात, बघणारे असतात, जागा असते, निमित्त असतं. एवढंच. वाचताना वाटतं, यात काय मोठं? वापरायला घेतलं की कळतं.

वापरून दाखवतो. वाळूज परिसरातल्या एखाद्या कामगार वसाहतीतला अखंड हरिनाम सप्ताह घ्या. क्रम सगळ्यांना पाठ असतो: पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथेवरचं भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन, मग जागर, आणि आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन व महाप्रसाद. क्रमाचं हे पत्रक गावातलं आणि वसाहतीतलं शेजारी शेजारी ठेवलं तर फरक दिसणार नाही. 'परंपरा टिकून आहे' असं लिहून तुमचा प्रश्नावलीवाला मोकळा होईल.

आता वीणा बघा. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. कोणीतरी ती गळ्यात घालून उभं असावंच लागतं. गावात पहाऱ्याची पाळी घराघराला, भावकीला लावून दिलेली असते. कोणत्या वेळेला कोणाचा पहारा यावर गावातली उतरंड वाचता येते. वसाहतीत पहाऱ्याचा तक्ता मंडपाच्या खांबाला चिकटवलेला असतो आणि तो कंपनीच्या पाळ्यांवर बेतलेला असतो. फर्स्ट शिफ्टवाल्याला रात्रीचा पहारा नको, सेकंडवाला हरिपाठाला येऊ शकत नाही, नाइटवाला सकाळी सुटून थेट पारायणाला बसतो आणि डुलक्या घेतो. काल्याचा दिवस तिथीनं येण्याऐवजी सुट्टीला यावा म्हणून सप्ताहाची सुरुवात मागेपुढे होते. म्हणजे भावकीची जागा यंत्राच्या घड्याळानं घेतली, आणि तेही एका शब्दाची चर्चा न होता. हे तुम्हाला कुठल्याही मुलाखतीत कोणी सांगणार नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटतच नाही.

मग पंगत. गावात भाकरी घरटी गोळा होते, भाजी देवळात शिजते. वसाहतीत पंगतीला अन्नदाता असतो आणि त्याचं नाव फ्लेक्सवर असतं: एका दिवसाचा लेबर कॉन्ट्रॅक्टर, एका दिवसाचा प्लॉटिंगवाला, एका दिवसाचा निवडणुकीवर डोळा असलेला कार्यकर्ता. कीर्तनकार कोण बोलावले, त्यांचं मानधन कोणी दिलं, फ्लेक्सवर कोणाचा फोटो केवढा, हे सगळं टिपून घ्या. फ्लेक्सचा फोटो काढून ठेवणं हे तर फुकटातलं काम आहे. एका वसाहतीची पाच वर्षांची फ्लेक्स जमली तर सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली त्याचा इतिहास तयार असतो.

शेवटी बघणारे. सिंगरच्या यादीत श्रोते हा घटक आहे, त्याचा अर्थ नुसतं डोकी मोजणं नव्हे. कोण आलं नाही? वसाहतीतली बौद्ध कुटुंबं त्या रात्री कुठे असतात? मुसलमान वेल्डर? छठपूजेला स्वतःचा वेगळा घाट शोधणारे बिहार-उत्तर प्रदेशचे कामगार? बायका मंडपाच्या कुठल्या बाजूला, आणि कीर्तन सुरू असताना स्वयंपाकाच्या शेडमध्ये कोण? एका कार्यक्रमाच्या कडेला उभं राहून वसाहतीचा नकाशा काढता येतो, तो असा.

सिंगरनं मद्रासमधल्या राधाकृष्ण भजनांवर जे लिहिलंय ते या जोडीला वाचाच. नोकरीसाठी शहरात आलेल्या कारकून, वकील, अधिकारी माणसांना कर्मकांडाला वेळ नाही आणि शास्त्राध्ययनाला तर नाहीच. मग भक्तीचा सोपा मार्ग पुढे येतो, असं त्याचं निरीक्षण. भजनात मंडळी एकमेकांना दंडवत घालतात, मोठा-छोटा तेवढ्यापुरता विसरतात. तेवढ्यापुरताच, हे त्यानंही पाहिलं होतं. आपल्या वारकऱ्यांना उराउरी भेटणं आणि पाया पडणं तिथे जाऊन शिकायचं नाही. पण शहरात आल्यावर हे का वाढतं, याचं त्याचं उत्तर इथेही तपासून बघण्यासारखं आहे. वाळूजजवळच पंढरपूर नावाचं गाव आहे, लोक त्याला छोटं पंढरपूर म्हणतात. चारी बाजूंनी औद्योगिक वसाहत, मध्ये विठ्ठलाचं देऊळ, आणि आषाढीला नगर रोडवर पाय ठेवायला जागा नसते. ज्याला वारीची रजा मिळत नाही त्याचा विठोबा नगर नाक्याच्या पुढे उभा आहे. सिंगरला हे बघायला मिळालं असतं तर त्यानं तिथेच मुक्काम टाकला असता.

१९६४च्या खेपेत त्यानं मद्रासच्या एकोणीस बड्या उद्योगपतींच्या मुलाखती घेतल्या. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरच्या नावावर एक मत चालत आलं होतं: हिंदू धर्म, कर्म आणि जात यांच्यामुळे भारतात आधुनिक उद्योग मुळातून उगवणं अवघड. सिंगरनं विचारलं, मग हे एकोणीस जण काय करतात? त्याला दिसलेलं एक उत्तर म्हणजे कप्पेबंदी. कारखान्यात एक कपडा, एक भाषा, एक खाणंपिणं, सगळ्या जातींत ऊठबस, घरात दुसरं. दोन कप्प्यांत भांडण लावायचं नाही. दुसरं उत्तर, धर्मकृत्य परभारे उरकणं: स्वतःला वेळ नाही तर बायको करेल, पुरोहित करेल, देवस्थानाला देणगी जाईल. धर्म सुटत नाही, फक्त करणारा बदलतो.

या दोन कल्पना मराठवाड्यात मालकांपेक्षा कामगारांवर जास्त चालतात, असं माझं मत आहे. बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला १९८५ साली सुरू झाला आणि त्यामागून सुट्या भागांचे छोटे कारखाने आले. तिथे आलेली पहिली पिढी गंगापूर, वैजापूर, पैठण, अंबड, गेवराईकडची. पगार इथे, सातबारा तिथे. पोळ्याला बैल सजवायचं काम गावातल्या भावाकडे, कुलदैवताचं जागरण-गोंधळ गावच्या घरी, लग्न मात्र इथल्या मंगल कार्यालयात. परभारे धर्माची व्यवस्था ही अशी भावाभावांत वाटलेली असते आणि तिच्यात शेतीच्या वाटणीचं राजकारण मिसळलेलं असतं. कुलधर्माचा खर्च कोण पाठवतो, आणि त्या बदल्यात शेतातला वाटा शाबूत ठेवतो का, हे विचारा. सिंगरच्या उद्योगपतींना हा प्रश्न नव्हता. दुसरी पिढी वसाहतीतच जन्मली. तिचा कप्पा गावाशी बांधलेला राहिलेला नाही. तुमच्या प्रबंधाचा गाभा इथे असू शकतो. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते त्या दिवशी शॉप फ्लोअरवर कोण नारळ फोडतं, कायम कामगार की कंत्राटी, हेही बघून ठेवा.

आता प्रभावाचं प्रकरण. सिंगरचा प्रभाव तीन वाटांनी पसरला आणि तिन्ही सारख्या महत्त्वाच्या नाहीत.

एक वाट संस्थेची. शिकागोत दक्षिण आशियाचा अभ्यास उभा राहण्यात त्याचा हात मोठा होता. मॅरियट, बर्नार्ड कोहन, ए. के. रामानुजन ही सगळी त्या परिसरातली माणसं. कोहनबरोबर तर त्यानं १९६८ साली भारतीय समाजावरचा जाडजूड लेखसंग्रह संपादित केला. दुसरी वाट आपल्या अभ्यासक्रमाची. एम. एन. श्रीनिवास यांची संस्कृतीकरणाची (खालच्या मानलेल्या जातींनी वरच्या जातींच्या रीतीभाती उचलण्याची) कल्पना १९५२ची, म्हणजे सिंगर मद्रासला येण्याआधीची. शिकागोवाल्यांनी ती आपल्या चौकटीत घेतली. नंतर योगेंद्र सिंह यांच्या १९७३ मधल्या पुस्तकानं महान-लघु ही जोडी भारतातल्या प्रत्येक एम.ए.च्या वर्गात पोचवली. आपल्या मुलांना सिंगर भेटतो तो असा, तिसऱ्या हातानं, नोट्समधून. म्हणून तो बेचव लागतो.

तिसरी वाट सगळ्यात लांब गेली आणि तिच्यावर त्याच्या नावाची पाटी राहिली नाही. सांस्कृतिक सादरीकरणाची कल्पना विधींचा अभ्यास करणाऱ्या व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञानं उचलली, नाट्यदिग्दर्शक रिचर्ड शेकनरच्या आसपास नाट्य आणि विधी यांचा एकत्र अभ्यास करणारी शाखाच उभी राहिली. आज कोणी गणेशोत्सवावर, मोर्च्यांवर, डीजेच्या मिरवणुकीवर लिहितो आणि त्यांना सादरीकरण म्हणून बघतो, तेव्हा तो सिंगरचं अवजार वापरत असतो. खुद्द सिंगर उत्तरायुष्यात चिन्हशास्त्राकडे गेला, १९८४चं पुस्तक त्यावर आहे. तुम्हाला ते वाचायची गरज नाही.

पण हे अवजार मराठवाड्यात जसंच्या तसं चालत नाही, आणि तुमच्या प्रकरणाचं वजन या भागावर ठरेल.

पहिलं, मद्रास हे इंग्रजांनी वसवलेलं बंदर. रेडफील्ड आणि सिंगर यांच्या मांडणीत शहर बदलतं ते बहुतेक पाश्चात्त्य सत्तेच्या, व्यापाराच्या धक्क्यानं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथला कारभार उर्दूतून, शिकायचं तर वाट हैदराबादची, जमीन मोठ्या प्रमाणावर जहागीरदार-देशमुखांकडे. जालना कापसावर वाढलं, लातूर गंजाच्या बाजारपेठेवर, नांदेडला कापडगिरणी आणि सचखंड गुरुद्वारा. आमच्या शहरांचा आधुनिकतेशी परिचय इंग्रज कलेक्टरमार्फत झाला नाही. मद्रासच्या साच्यात लातूर कोंबलं तर लातूरही दिसणार नाही आणि साचाही मोडेल.

दुसरं जास्त गंभीर. सिंगरचे मद्रासमधले वाटाडे बहुतांशी इंग्रजी बोलणारे, उच्चवर्णीय, संस्कृतशी नातं असलेले होते; संस्कृत पंडित व्ही. राघवन हे त्यांतलं ठळक नाव. वाटाड्या जी वाट दाखवतो तीच दिसते. त्यामुळे त्याच्या पानांतून दलित मद्रास जवळजवळ गायब आहे. संभाजीनगरात असं करून चालेल का? बाबासाहेबांनी १९५० साली इथे महाविद्यालय काढलं, ते पुढे मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. त्यातून लेखक, कवी, प्राध्यापक, कार्यकर्ते यांच्या पिढ्या निघाल्या. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, मराठवाडाभर दलित वस्त्या जळाल्या, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटवर जे घडतं ते सिंगरच्या व्याख्येत तंतोतंत बसतं: दिवस ठरलेला, जागा ठरलेली, गटागटांचे मंच, भीमगीतं, कमानीपुढे माथा टेकणाऱ्या बायका, पुस्तकांच्या दुकानांची रांग. पण हे ना महान परंपरेतलं, ना लघु. शहरात, कॉलेजात, वाचनातून तयार झालेली ही नवी परंपरा शहरातून गावाकडे गेली, गावातून शहरात आली नाही. रेडफील्ड आणि सिंगर यांनी म्हटलं होतं की नव्या वळणाच्या शहरात जुन्याला आव्हान देणारे विचार उपजतात; तेवढा वाव त्यांनी ठेवला होता. पण असा विचार स्वतःच नीतिधर्म बनून, त्याचे स्वतःचे तीर्थ, तिथी आणि गाणी घेऊन उभा राहील, हे त्यांच्या आराखड्यात मावत नाही. वाळूजमध्ये १४ एप्रिलची जयंती आणि सप्ताह एकाच मैदानावर होतात का, वर्गणी एकमेकांकडे मागतात का, हे बघा. तिथे तुम्ही सिंगरच्या पुढे एक पाऊल टाकाल.

खुलताबादचे उरूस, शहरातले मुशायरे याबाबतही हेच. संस्कृतच्या काठावरून बघणाऱ्याला ते दिसत नाहीत.

तिसरं, सिंगर श्रोत्यांत बसला. आपल्याकडे इरावतीबाई कर्वे दिंडीत चालल्या. 'वाटचाल' हा त्यांचा लेख १९६२ साली इंग्रजीत परदेशी नियतकालिकात गेला आणि तिकडच्या अभ्यासकांनी महाराष्ट्र त्यातून ओळखला. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठ्यांच्या पंगती वेगळ्या बसतात हे त्यांना बोचलं, कारण त्या स्वतः त्या पंगतीत होत्या. त्यांच्या फलटणच्या अभ्यासाकडे (१९६५) आणि आठवडी बाजारांवरच्या अभ्यासाकडे (१९७०) आपल्या मुलांचं लक्ष जात नाही. नातेव्यवस्था आणि महाभारत यांपुढे ही कामं झाकली गेली. तुमच्या विषयाला ती सिंगरइतकीच जवळची आहेत. फलटणचं पुस्तक वाढतं गाव आणि त्याच्या भोवतालचा मुलूख एकत्र धरतं. शहराची हद्द नगरपालिकेच्या नाक्यावर संपत नाही, हे गृहीत धरूनच काम सुरू होतं. वाळूजचा अभ्यास गंगापूर तालुका सोडून करणाऱ्यांनी हे आधी वाचावं. आणि वाळूजचा आठवडी बाजार हा काही कार्यक्रम नाही, त्याला मंच नाही, श्रोते नाहीत. सिंगरच्या चाळणीतून तो निसटून जातो. तिथे इरावतीबाईंची वही लागते: कोण कुठून आलं, काय आणलं, कोणाशेजारी बसलं, कोणाला उधार दिलं.

मार्गदर्शकांना काय दाखवायचं? प्रकरणाचं नाव 'प्रभाव' ठेवा, हरकत नाही, पण त्यात चरित्र एक पान, महान-लघुचा वाद एक पान, आणि उरलेली पानं अवजाराची. सप्ताह, जयंती, आषाढी आणि एखादा उरूस असे चार कार्यक्रम निवडा. प्रत्येकाला तयारीच्या बैठकीपासून हिशेबाच्या बैठकीपर्यंत हजर राहा. मधला देखावा सगळेच बघतात, पण वर्गणीचं पावतीपुस्तक आणि नंतरचा हिशेब यांतच भांडणं असतात. हिशेबाच्या बैठकीला बोलावणं मिळायला वेळ लागतो. मंडप बांधताना, सतरंज्या उचलताना हात लावला तर लवकर मिळतं. प्रश्नावली विद्यापीठाच्या नियमात बसवायची म्हणून ठेवावी लागली तर ठेवा, पण ती सगळ्यात शेवटी भरून घ्या. तोवर काय विचारायचं ते तुम्हाला कळलेलं असेल.

सिंगरचं १९७२चं पुस्तक सबंध वाचायच्या भानगडीत पडू नका, जाड आहे आणि मधली काही प्रकरणं कंटाळवाणी आहेत. मद्रासमधल्या सादरीकरणांचं प्रकरण, भजनांचं प्रकरण आणि उद्योगपतींचं प्रकरण, एवढी तीन मुळातून वाचा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नसेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात चौकशी करा. तिथे जाणारच असाल तर फलटणचं आणि बाजारांचं पुस्तकही त्याच खेपेत बघून घ्या. दोन्ही तिथूनच निघालेली आहेत.